आधी वासरं, मग गाभारा

वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते आणि दिवाळी लागते. त्या दिवशी पुष्कळ घरांत बायका गाईचं दूध, तूप, ताक वर्ज्य करतात. वासराच्या वाट्याचं वर्षातून एक दिवस तरी वासराला राहू दे, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो. श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी हाच विचार पुढे नेते. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा आहे. दवंडी पिटली जाते, धाकापायी घरोघरचं सगळं दूध देवळात येतं. वासरं उपाशी, पोरांच्या तोंडाला थेंब नाही, आणि गाभारा काही केल्या भरत नाही. मग घरचं सगळं आवरून एक म्हातारी येते. मुलाबाळांना, लेकीसुनांना देऊन, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध ती ओतते आणि गाभारा काठोकाठ भरतो. ही कहाणी आपण महादेवाच्या कृपेची म्हणून ऐकत आलो. गोष्टींमधून गाव टिकवण्याचं शिक्षण देता येईल का, या प्रश्नाला हा अंक वाहिलेला आहे. आमचं उत्तर असं, की येईल. पण कहाणीतला चमत्कार बाजूला ठेवून तिच्यातली वाटणी शिकवली तरच.

या कहाणीतला राजा दुष्ट नाही, इकडे सहसा लक्ष जात नाही. तो लुटारू नाही, उधळ्याही नाही. त्याचा हेतू चांगला आहे, एवढंच नव्हे तर पवित्र आहे. चुकतं ते एकाच ठिकाणी: घेताना तो क्रम विसरतो. पुणे जिल्ह्यातल्या विंझर गावाच्या आसपासच्या डोंगरांत हा क्रम विसरण्याचा इतिहास फार जुना नाही. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका म्हणतात; नाव बदललं तरी पाऊस तोच, आणि त्या पावसावर बांधलेली धरणंही तीच. भोरकडचं भाटघर 1928 सालचं, त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली दूरवर जातं. पानशेत बांधलं ते पुण्याच्या तहानेसाठी आणि खालच्या शेतीसाठी. गुंजवणीचं पाणी भोर-पुरंदरपर्यंत न्यायचं ठरलं. यातला एकही हेतू वाईट म्हणता येत नाही. तरी धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण या पट्ट्यात म्हण म्हणून उरलेली नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी 1979 साली पानशेतच्या पाणलोटाबद्दल जे लिहिलं, ते या जागी आठवतं. खोऱ्यातली कसदार जमीन पाण्याखाली गेली, माणसं उताराच्या वरच्या अंगाला सरकली, धरणासाठी झालेल्या रस्त्यांवरून कोळशाचे व्यापारी आत आले, आणि अडलेल्या शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडं मिळेल त्या भावाला विकली. डोंगर बोडके झाले. बोडक्या डोंगराची माती पावसाबरोबर जाते कुठे, तर त्याच धरणात. वरच्या माणसाला उपाशी ठेवून भरलेला गाभारा गाळानं भरतो.

त्या तोडीतून बऱ्याच अंशी वाचल्या त्या देवाच्या नावानं राखलेल्या देवराया. गाडगीळ आणि वनस्पतीशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांच्या नोंदी केल्या, त्यात पुणे जिल्ह्याचा हा पश्चिम पट्टा महत्त्वाचा होता. राजगडावर पद्मावती, तोरण्यावर मेंगाई, पानशेतच्या वरच्या अंगाला शिरकोलीची शिरकाई. देवता बदलते, राईचा कायदा साधारण एकच असतो. कुऱ्हाड लावायची नाही. कडक राई असेल तर पडलेली काटकीही उचलायची नाही. फारच नड आली तर देवीला कौल लावायचा आणि मिळाला तरच हात घालायचा. अशा राईत गेलं की एरवी दुर्मीळ झालेली गारंबी दिसते: माणसाच्या मांडीएवढा जाड, पीळ घातलेला वेल एका झाडावरून दुसऱ्यावर चढत गेलेला, आणि त्याला लोंबणाऱ्या हातभर लांब, मण्यांच्या माळेसारख्या फुगीर शेंगा. अशा एका वेलाची साल गुरांच्या औषधासाठी न्यायला लांबलांबच्या गावांतून माणसं येत, अशी नोंद आहे. श्रीवर्धनजवळच्या गाणी गावची गोष्ट तर सरळ हिशेबाची आहे. तिथली राई तोडीला निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी वर्तकांना कळवलं की आमचा ओहोळ या राईतून निघतो, झाडं गेली की पाणी जाईल. वनखात्याची समजूत घातली गेली आणि तोड थांबली. त्या गावकऱ्यांना देवीची भीती होती की पाण्याचं ज्ञान, असा वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच गोष्टीत बांधलेलं होतं.

मात्र गोष्ट एकटी उभी राहत नाही, हेही याच देवरायांनी दाखवलं आहे. रस्ता आला, पैसा आला, की देवीचा तांदळा उघड्यावर बरा दिसेनासा होतो. जीर्णोद्धार निघतो, सभामंडप, फरशी, कळस. आणि कित्येक ठिकाणी त्या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली गेली. देवीची कथा तशीच राहिली, किंबहुना तिचा गाजावाजा वाढला. गेला तो नियम. सामायिक जंगलं आणि पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या कसं टिकवतात, याचा अभ्यास करून अर्थशास्त्राचं नोबेल 2009 साली मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जी लक्षणं सांगितली, ती भक्तीची नव्हेत: हद्द ठरलेली असते, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात, लक्ष ठेवणारा आपल्यातलाच असतो, आणि मोडणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा होते. देवराईत हे सगळं होतं, फक्त देवीच्या नावावर. म्हणून निबंधस्पर्धेपुरत्या पुराणकथा सांगून पर्यावरणाचं शिक्षण झालं असं मानणाऱ्यांशी आमचं जमत नाही. नियमाशिवायची गोष्ट म्हणजे फरशी घातलेली राई.

दुसऱ्या बाजूचे आक्षेप जास्त वजनाचे आहेत. पहिला अर्थातच अंधश्रद्धेचा: मुलांना विज्ञान शिकवायचं की कोपणाऱ्या देवी? याला उत्तर असं की गोष्ट समजण्यासाठी ती खरी मानावी लागत नाही. इसापचा कोल्हा बोलतो यावर कोणा मुलाचा विश्वास बसल्याचं ऐकिवात नाही. अमिताव घोष यांनी 2021 साली सुंदरबनातल्या वनदेवी बोनबीबीची कथा ‘जंगलनामा’त नव्यानं मांडली. हावरट व्यापाऱ्याचं आणि वाघरूपी दोक्खिन रायचं काय होतं हे वाचणारा शहरी वाचक बोनबीबीला नवस बोलत नाही, पण जंगलात गरजेपुरतंच घ्यायचं हे त्याला उमगतं. दुसरा आक्षेप आम्हाला खरोखर अडवतो. अनेक राया बायकांना, विशेषतः पाळीच्या दिवसांत, बंद असतात. गावकीच्या मानपानात जातीची उतरंड असते. परंपरेतला नियम उचलताना हेही उचलायचं का? नाही. पण इथे कहाणी स्वतःच मदतीला येते. तिच्यात शहाणपण पुजाऱ्याकडे नाही, राजाकडे नाही, ते नाव नसलेल्या एका म्हातारीकडे आहे. ज्या परंपरेनं ही कहाणी बायकांच्या तोंडी जपली, तिला बायकांना राईबाहेर ठेवण्याबद्दल जाब विचारता येतो. तिसरा आक्षेप, की हे सगळं जुनं झालं, आता कायदा आहे. आहेच. जैवविविधता कायदा 2002 चा, वनहक्क कायदा 2006 चा. पहिल्यानं लोक जैवविविधता नोंदवही दिली, दुसऱ्यानं सामूहिक वनहक्क. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं 2009 साली तो हक्क मिळवून दाखवला. पण नोंदवही बऱ्याचदा झाडांच्या नावांची यादी होऊन कपाटात जाते. त्या यादीशेजारी राईची कथा आणि तिचे नियम, कोण काय, कधी, किती घेऊ शकतो, हे उतरवलं तर ती गावाची वही होईल.

राहिला कहाणीतला एक प्रसंग, जो सांगताना बहुतेक जण घाईनं उरकतात. तिसऱ्या सोमवारी राजा पाळत ठेवून म्हातारीला धरतो. ती थरथर कापते आणि आधी अभय मागते. ते मिळाल्यावरच ती तोंड उघडते आणि सांगते की तुझ्या आज्ञेनं वासरांचे आत्मे तळमळले. अभय मिळालं नसतं तर गाभारा का भरत नाही हे राजाला कधीच कळलं नसतं. आमच्या मते गोष्टीची कळ इथे आहे, आणि शिकवायची तीही हीच. पाणलोटातल्या गावांची ग्रामसभा भरते तेव्हा आधी आमची विहीर, मग कालवा, असं म्हणणाऱ्या बाईचं वाक्य इतिवृत्तात उतरतं का? अमृतेश्वराच्या नावाचं महाविद्यालय विंझरला आहे. तिथल्या मुलामुलींनी खुलभर दुधाची कहाणी आणि गुंजवणीच्या पाण्याचं नियोजन शेजारी ठेवून वाचावं, आणि धरणाच्या काठच्या गावांचं पिण्याचं पाणी त्यात कितव्या ओळीत येतं ते शोधून ग्रामसभेत मांडावं.