मोकळे होण्याची वाट

सकाळी अंबरनाथ स्टेशनवर गाडी पकडणाऱ्यांची एकच धावपळ उडते. कोणालाही उसंत नसते. त्याच वेळी पश्चिमेच्या एखाद्या उंच गच्चीवरून पाहावे. आकाश स्वच्छ असेल, तर दूरवर मलंगगड शांत उभा दिसतो. 'मलंग' हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. ज्याला कशाची हाव नाही आणि कशाची फिकीर नाही, असा फकीर म्हणजे मलंग. गडावर हाजी मलंग बाबांचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तेथे श्रद्धेने जातात.

गर्दीला कंटाळलेल्या माणसाला वाटते, सारे सोडून अशाच एखाद्या डोंगरावर जाऊन राहावे. हा विचार नवा नाही. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा लेखक होऊन गेला. १८४५ साली तो वॉल्डन तळ्याकाठच्या रानात राहायला गेला. त्याने स्वतःच्या हातांनी लहानसे घर बांधले. त्याला सुमारे २८ डॉलर खर्च आला. तो शेंगा पिकवी, वाचन करी, रानात हिंडे. गरजा थोड्या ठेवल्या, तर वर्षातून सुमारे सहा आठवडे काम करून पोट भरता येते, असा हिशेब त्याने मांडला. उरलेला सारा वेळ त्याचा स्वतःचा होता. यालाच तो स्वातंत्र्य समजत होता.

आपल्या महाराष्ट्रात संत तुकाराम देहूजवळच्या भंडारा डोंगरावर एकांतात बसत. त्यांच्या घरी सावकारी होती. त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणी नदीत सोडून दिली, असे सांगतात. त्यामुळे कर्जदार सुटले आणि तुकारामही सुटले. माणूस वस्तूंचा मालक होतो, तशा वस्तूही त्याच्या मालक होतात.

पण येथे एक शंका येते. डोंगराच्या पायथ्याशी राहणारा, मोळी विकणारा गरीब माणूसही थोडक्यात राहतो. मग तो स्वतंत्र आहे का? नाही. त्याचा साधेपणा त्याने निवडलेला नाही. तो त्याच्यावर लादला गेला आहे. भुकेलेल्या माणसाला साधेपणाचा उपदेश करणे हा अन्याय आहे. साधेपणाचा धडा ज्यांच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे, त्यांनी आधी गिरवावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. थोरो दोन वर्षांनी रानातून परत आला. तुकाराम डोंगरावरून देहूला परत येत व लोकांमध्ये कीर्तन करीत. हजरत मुहम्मद पैगंबर हिरा गुहेत एकांतात बसत. पण तेथून ते लोकांमध्येच परतले. एकांत हे पळून जाण्याचे ठिकाण नव्हे. तेथे मन स्वच्छ करायचे आणि माणसांत परत यायचे, असे मला वाटते.

आपल्यापैकी पुष्कळांचे घर एका खोलीचे असते. त्यात एकांत कोठून मिळणार? तरीही पहाटे गच्चीवर, नदीकाठी किंवा एखाद्या झाडाखाली थोडा वेळ एकटे बसता येते. शेजाऱ्याकडे आहे म्हणून मलाही हवे, हा हट्ट सोडता येतो. त्यासाठी गड चढावा लागत नाही. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला दुसऱ्यापुढे मान कमी वेळा वाकवावी लागते. मोकळे होण्याची वाट तेथूनच सुरू होते.