'वय झालं' हे निदान नव्हे

खांडबाऱ्याच्या फलाटावर नंदुरबारकडच्या गाडीची वाट बघत उभा होतो. समोरचे रूळ मधेच वाकलेले दिसले. चष्मा पुसला, तरी वाकलेलेच. डावा डोळा झाकला तर रूळ सरळ. उजवा झाकला की पुन्हा वाकडे.

घरी सांगितलं. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता वय झालं तुमचं." पुढे एका नेत्रशिबिरात दाखवलं. तिथे मोतीबिंदू तेवढा पाहिला. "अजून पिकलेला नाही, सहा महिन्यांनी या." मी आज्ञाधारकपणे सहा महिने थांबलो. त्या सहा महिन्यांत डाव्या डोळ्याच्या मधोमध काळा डाग बसला. आज समोरच्याचा चेहरा त्या डोळ्याने दिसत नाही, कान दिसतात.

हा मोतीबिंदू नव्हता. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागाला मॅक्युला म्हणतात. वयानुसार त्याची झीज होते. तिच्या 'ओल्या' प्रकारात तिथे नको त्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. मोतीबिंदू काढला की बहुतेकांची नजर परत येते. इथे गेलेली नजर बहुधा गेलीच. उरलेली राखण्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतात, तीही वेळेवर. म्हणजे "सहा महिन्यांनी या" हा सल्ला नव्हता, शिक्षा होती. (तीस वर्षं बिडी ओढली, तो गुन्हा माझा. धूम्रपानाने हा आजार बळावतो. तो मी कुणावर ढकलत नाही.)

देशात अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांनी लाखो म्हाताऱ्यांना नजर दिली, हे नाकारणारा करंटा ठरेल. पण शस्त्रक्रियांचा आकडा हीच कामगिरी झाली, की त्या आकड्यात न बसणारा माणूस रांगेतून बाहेर पडतो. ॲम्सलरची जाळी म्हणजे चौकोन आखलेला साधा कागद. एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, रेषा वाकतात का सांगायचं. त्याला ना यंत्र लागतं, ना वीज. तो कागद प्रत्येक शिबिरात का नसावा?

"इंजेक्शन महाग आहे" हे अर्धसत्य. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी आलेलं बेव्हासिझुमॅब डोळ्यासाठी फार स्वस्त पडतं. 2011 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत वर्षाअखेर ते महागड्या रॅनिबिझुमॅबच्या बरोबरीचं ठरलं. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते डोळ्यांसाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. कुपीतून लहान डोस निर्जंतुकपणे भरावे लागतात, ही अट खरी. मग ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी करा.

आता आपल्या लोकांना. "चाचा, सब्र करा," असं मला मशिदीच्या दारातच ऐकवतात. सब्र मी करतोय, डाव्या डोळ्याबद्दल. उजव्यासाठी सब्र नाही, तारीख लागते. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम दृष्टिहीन होते आणि मदिनेत अजान देत होते. सूरह अबसा त्यांच्याच प्रसंगावर आहे. तो प्रसंग प्रवचनात रंगवून सांगणाऱ्यांना वजूखान्याच्या पायरीवर पांढरा पट्टा मारायला किती रंग लागतो? दोन वेळा मागितला. दोन्ही वेळा एकच उत्तर, "चाचा, तुम्ही घरीच नमाज पढा."

घरी नाही पढणार. पुढच्या गुरुवारी इंजेक्शन आहे, शुक्रवारी रंगाचा डबा घेऊन मीच येतोय.

तोवर तुम्ही एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. मग दुसरा झाका. चौकट वाकडी दिसली, तर पडद्याच्या डॉक्टरकडे याच आठवड्यात जा.