फोटो आला, पण पाणी मारलं का?

गेल्या उन्हाळ्यात चारठाण्याला आमच्या घराचा स्लॅब टाकला. मिस्त्रींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, मी पुण्यातून अंगठा दाखवला. झालं आमचं सुपरव्हिजन! तिसऱ्या दिवशी काकांचा फोन : "फोटोत पाणी दिसतं का रे तुला? स्लॅब कोरडा ठाक पडलाय." ज्या गावात यादवकालीन देवळं अजून उभी आहेत, तिथं माझं छप्पर तीन दिवसांत वाळलं होतं.

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं. म्हणून आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १० दिवस ओल ठेवायला सांगतं. माझ्याकडे फोटो होता पहिल्या दिवसाचा!

आपण आयटीवाले हेच करतो. फोटो म्हणजे तपासणी समजतो. रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर फोटोसह हजेरी सक्तीची झाली. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावं लागलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो, फोटोचेच फोटो अपलोड होतायत. मजुरावर पाळत ठेवायला ॲप लगेच तयार झालं. पण मजुराला काही सांगायचं असेल तर?

१ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. ॲप असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. पण कुठल्याही साइटवर धोका आधी दिसतो तो तिथं उभ्या असलेल्या माणसाला. त्याच्या फोनवरून काम थांबवता येतं का? आणि थांबवलं तर त्याची हजेरी कापली जाते का? माझ्या मते ॲपची खरी परीक्षा ही आहे.

गुणवत्तेचंही तेच. स्लॅब टाकण्याआधी सळयांखालच्या कव्हर ब्लॉकचा फोटो घ्या. मग दहा दिवस रोज पाण्याचा. तोवर ठेकेदाराचा पुढचा हप्ता अडवा. कोड लिहायला एक वीकएंड पुरे. अडतं ते हप्ता अडवायच्या इच्छेपाशी.

असो. आमच्या स्लॅबवर वाफे बांधून पाणी साठवलं ते काकांनी. गेलेले तीन दिवस काही परत येत नाहीत. काकांकडे अजून बटणांचा फोन आहे. बघा, पटतंय का.