चूक गिळणारा हिशेब

प्रोग्रॅम चालू असताना उद्भवणारी चूक, म्हणजे रनटाइम एरर, वापरणाऱ्याला दिसताच कामा नये, ती पकडून गुपचूप बाजूला सारावी आणि काम पुढे रेटावे, असे मत प्रोग्रॅमरांत बरेच रूढ आहे. गाळप हंगामात काट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना संगणक अडला तर कारखान्याची गव्हाण रिकामी पडेल, हे त्यामागचे समर्थन. यातली अडचण खरी आहे, उपाय मात्र अडचणीहून वाईट आहे.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणाऱ्या साखरेला, दशांशापर्यंत मोल आहे. 2024-25 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये आणि पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.32 रुपये असा दर ठरवला होता. समजा, पहिल्या दिवशी उसाचे वजन नोंदले जाण्याआधीच उतारा काढला गेला, तर शून्याला शून्याने भागावे लागते. पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा तिथेच ‘एक्सेप्शन’ उभे करते, म्हणजे कारण सांगून थांबते. जावा पूर्णांकांच्या बाबतीत तसेच करते, पण दशांश संख्या असल्या तर तीही जावास्क्रिप्टप्रमाणे मुकाट्याने ‘नॅन’, म्हणजे ‘संख्याच नव्हे’ असे मूल्य, हाती ठेवते. हा नॅन रोजच्या उताऱ्यांच्या सरासरीत मिसळला की सरासरीही नॅन होते, आणि नॅन कोणत्याही संख्येहून मोठा ठरत नसल्याने ‘उतारा 10.25 हून जास्त आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ येऊन वाढीव दर बिनबोभाट गळतो. अडलेला संगणक रांगेतल्या शेतकऱ्याला निदान दिसतो.

यावर 4 जून 1996 च्या एरियन 5 अग्निबाणाचा दाखला पुढे येईल: मोठी संख्या 16 बिटांत न मावल्याने एक्सेप्शन उठले, दिशा सांगणारे मुख्य आणि राखीव असे दोन्ही संगणक बंद पडले आणि मिनिटभराच्या आत यान नष्ट झाले. परंतु तिथे दोष चूक बोलली याचा नव्हता; ती उठल्यावर संगणक बंद करण्यापलीकडे काय करायचे, हे त्या ठिकाणी ठरवलेलेच नव्हते. हे ठरवण्याचे काम भाषा करून देत नाही: गो भाषा चूक मूल्य म्हणून परत करते आणि रस्ट ती दुर्लक्षिली तर इशारा देते, तरी दोन्हींत ती टाळण्याची वाट उघडीच असते.

म्हणून चूक तिथेच पकडावी, जिथे तिच्यावर इलाज ठाऊक आहे. काट्याकडून वजनाचा आकडा आला नाही, तर ती ट्रॉली ‘वजन बाकी’ म्हणून नोंदवून, बाजूला घेऊन रांग पुढे सोडता येते. ऊसच गाळला नसेल, तर उताऱ्याचा रकाना कोरा ठेवावा आणि कारण शेजारी लिहावे.