पॅन्सीची कुंडी विकताय? आधी तिची मुदत सांगा

गच्चीवरून रोपविक्री सुरू करायची असेल तर पॅन्सी चांगलीच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे. "वर्षभर फुलेल" असं सांगून एकही कुंडी विकू नका.

पुण्या-नाशिकच्या हवेत पॅन्सी ही थंडीची पाहुणी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बी टाकलं की फुलायला साधारण 3 महिने लागतात. मार्चचं ऊन तापलं की झाड मान टाकतं. गिऱ्हाइकाला हे माहीत नसतं. त्याला वाटतं, रोपच खराब दिलं. मग तो परत येत नाही.

म्हणून प्रत्येक कुंडीसोबत छोटी चिठ्ठी द्या:

- सकाळचं 4-5 तास ऊन हवं.
- वरची माती सुकली की मगच पाणी. तळाचं भोक बुजू देऊ नका, मुळं कुजतात.
- सुकलेली फुलं देठासकट खुडा, नव्या कळ्या येत राहतात.
- उन्हाळ्यात हे झाड जाणारच, चूक तुमची नाही.

शेवटची ओळ लिहायला भीती वाटते ना? तीच सगळ्यात जास्त कमावून देते. कारण मार्चमध्ये ती कुंडी रिकामी होईल, तेव्हा तेच गिऱ्हाईक सदाफुली न्यायला तुमच्याकडे येईल. एकदाच कुंडी खपवायची, की दर हंगामाचं गिऱ्हाईक जोडायचं? ठरवा बघू.