विमान कंपनी बुडाली, तर तिकिटाच्या पैशांचे काय?



एके काळी विमान म्हटले की आपण खळ्यात उभे राहून आभाळाकडे पाहायचे, एवढाच त्याचा आपला संबंध. आता तसे राहिलेले नाही. कोकणातल्या कितीतरी घरांतला मुलगा आखाती देशात नोकरीला आहे. गावची मंडळी गट करून काश्मीरला, वैष्णोदेवीला विमानाने जातात. तिकीट स्वस्त पडावे म्हणून ते दोन-तीन महिने आधी काढून ठेवतात. म्हणजे पैसे आज दिले आणि माल मिळणार तीन महिन्यांनी. तेवढ्यात ती कंपनीच बुडाली तर काय करावे, ते आज पाहू.

ही भीती पोकळ नाही. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. मुंबईच्या वाडिया समूहाची गो फर्स्ट २ मे २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायाधिकरणापुढे गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तिची विमाने जमिनीवर बसली. ऐन सुट्टीचा आणि लग्नसराईचा हंगाम होता. तिन्ही कंपन्यांचे विमान त्यानंतर प्रवासी घेऊन पुन्हा उडाले नाही.

गो फर्स्टच्या वेळी विमान वाहतूक महासंचालनालयाने नियमाप्रमाणे प्रवाशांचे पैसे परत करा, असे कंपनीला बजावले. पण १० मे रोजी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला आणि जुन्या देण्यांच्या वसुलीला स्थगिती आली. अशी स्थगिती असताना ग्राहक न्यायालयातला दावाही पुढे सरकत नाही.

इथे खरी गोम आहे. पतसंस्था अवसायनात गेली की ठेवीदाराचे काय होते, हे आपल्याला सांगायला नको. बँकेचा बोजा सातबाऱ्यावर असतो, तशी मोठ्या सावकारांची रक्कम तारणावर असते. आधी कारवाईचा खर्च, मग कामगारांची थकबाकी आणि तारण असलेली कर्जे, मग इतर नोकर, मग सरकार वगैरे. तिकीट काढलेला प्रवासी रांगेच्या शेपटाला. गो फर्स्टची एकूण देणी सुमारे साडेअकरा हजार कोटी रुपयांची होती. तिची विमाने तर भाड्याची होती. भाड्याने आणलेला ट्रॅक्टर मालक घेऊन जातो, तशी ती ५४ विमाने मालकांना सोडवून नेता यावीत म्हणून त्यांची नोंदणी रद्द करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये दिला. जानेवारी २०२५ मध्ये कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम झाला. मागे काय उरणार?

म्हणून पैसे कंपनीकडून नव्हे, तर ज्या वाटेने गेले त्या वाटेने परत आणण्याचा प्रयत्न आधी करावा.

क्रेडिट किंवा डेबिट कार्डाने पैसे भरले असतील, तर त्याच आठवड्यात आपल्या बँकेत लेखी अर्ज द्या. ‘पैसे घेतले, सेवा दिली नाही, रक्कम परत मिळावी’ एवढे पुरे. बँकवाले ह्याला चार्जबॅक म्हणतात. तिकिटाची प्रत, कार्डाचा उतारा आणि उड्डाण रद्द झाल्याचा निरोप जोडा. ह्याला मुदत असते, म्हणून वाट पाहू नका.

एजंटाकडे रोख दिले असतील, तर पावती घ्या आणि पैसे कंपनीकडे पोचले की अजून त्याच्याकडेच आहेत, हे स्पष्ट विचारा. गटाच्या तिकिटांत पुष्कळदा थोडीच रक्कम पुढे गेलेली असते.

दोन्ही वाटा बंद झाल्या, तर न्यायाधिकरणाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे दावा नोंदवा. त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात येते आणि मुदत ठरलेली असते. नोंदणीला शुल्क नाही. पैसे मिळतीलच असे नाही, पण नाव नसेल तर पुढे काही वाटप झाले तरी हात रिकामेच. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आणि एक लक्षात ठेवा. तिकीट आपण होऊन रद्द करू नका. कंपनीने रद्द केले तर पूर्ण रकमेवर हक्क राहतो. आपण केले तर कपात आपल्या माथी. ‘पैसे परत देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर तो चोराचाच समजावा.

आता प्रवासाचे. पैसे येतील मग दुसरे तिकीट काढू, असे म्हणू नका. गो फर्स्टने प्रथम दोन-तीन दिवसांचीच उड्डाणे रद्द केली, मग ९ तारीख सांगितली, मग १२, मग त्यापुढची. तारखेवर तारीख पडत गेली आणि इकडे श्रीनगर, लेहकडचे इतर कंपन्यांचे भाडे भडकले. जो पहिल्या दिवशी हलला, तो कमी पैशात सुटला. श्रीनगरला अडकलात तर आता रेल्वेने कटऱ्यापर्यंत उतरता येते; तिथून दिल्ली गाठा, दिल्लीहून मुंबईकडे गाड्या पुष्कळ. तत्काळ तिकीट प्रवासाच्या आदल्या दिवशी मिळते, वातानुकूलित डब्यांचे सकाळी दहाला, बाकीचे अकराला. मुलगा परदेशात अडकला, तर व्हिसाची मुदत आधी पाहा आणि ती संपत आली असेल तर मालकाला व भारतीय दूतावासाला कळवा.

ब्रिटनमध्ये मोनार्क ही कंपनी ऑक्टोबर २०१७ मध्ये बुडाली, तेव्हा सरकारने विमाने भाड्याने घेऊन सुमारे १ लाख १० हजार प्रवाशांना घरी आणले. आपल्याकडे अशी बांधलेली सोय नाही. आपली सोय आपणच करायची.

तेव्हा फार आधी तिकीट काढताना कंपनीची हवा कशी आहे, हे शहरातल्या चार जाणत्यांना विचारा. नोकरांचे पगार थकले, विमाने उभी राहू लागली, अशा बातम्या आल्या तर स्वस्ताईला भुलू नका. पैसे शक्यतो कार्डाने भरा आणि कागद जपून ठेवा. बैल गेला आणि झोपा केला, असे व्हायला नको.