काल्याचा प्रसाद आणि विषाचा पैसा



1999 चा मकोका कायदा टोळ्यांसाठी आणि खंडणीखोरांसाठी, एवढेच आपण ऐकून होतो. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने त्यात दुरुस्ती आणून अमली पदार्थांचा धंदा संघटित गुन्हेगारीत घातला, आणि विधिमंडळाने ती मंजूर केली. राजदंडाने आपले काम केले, त्याचे स्वागत आहे. आता वीणा काय करणार, हे मी आपल्याच माणसांना विचारतो.

हे दुखणे मुंबईचे, असे समजू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन पकडले. कुरकुंभ दौंड तालुक्यात आहे, आणि याच तालुक्यात यवत-वरवंडला तुकोबारायांच्या पालखीचा मुक्काम पडतो. आपले गोंदिया तर हावडा-मुंबई मार्गावरचे जंक्शन. एकीकडे बालाघाट, दुसरीकडे छत्तीसगड. ओडिशाकडून येणाऱ्या गाडीत गांजा सापडला, ही बातमी आता कुणाला नवी वाटत नाही.

माल पकडणे पोलिसांचे काम. पण तो विकणाऱ्याला मान कोण देतो? आपल्या सप्ताहांच्या पत्रिका काढून पाहा.

मी स्वतःपासून सुरुवात करतो. काही वर्षांपूर्वी एका गावी काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. महाप्रसादाचे यजमान कशावर श्रीमंत झाले, हे गावाला ठाऊक होते, मलाही होते. मी त्यांच्या हातून नारळ घेतला, बिदागी घेतली आणि व्यसनावरचे निरूपण गिळून टाकले. समोर सतरा-अठरा वर्षांची पोरे बसली होती. माझे शब्द ती विसरली असतील. तो नारळ विसरली नसतील.

पूर्वपक्ष असा येतो : "महाराज, ओढा गंगेला मिळाला की गंगाच होतो. पैसा कुणाचाही असो, मुखी अन्नच जाते." अहो, ओढा गंगेला मिळतो तो आपले नाव सोडून. हा मनुष्य फलकावर आपले नाव आणि फोटो मोठा करून मिळतो. त्याला पुण्य नको, अब्रू हवी आहे. ती आपण दिली, की त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला गावात कोण उठेल? कायदा पुराव्यावर चालतो, आणि पुरावा देणाऱ्याचे तोंड आपण प्रसादाने बंद करतो.

शेजारच्या चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी झाली. तिच्यासाठी बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या होत्या. अवैध दारू वाढली म्हणून 2021 मध्ये ती उठवली गेली. एका सरकारने लावली, दुसऱ्याने काढली. गळ्यातली तुळशीची माळ मात्र कुठल्या मंत्रिमंडळाला काढता येत नाही. ती आपणच सैल करतो. टाळकऱ्यांत बसून देवाच्या नावाने चिलीम ओढणाऱ्याला पांघरूण घालतो, तेव्हा ती सैल होते.

गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसालाच विचारीत, दारू पितोस का, आणि सोडायला लावीत. त्यांच्यामागे कुठला कायदा उभा नव्हता. त्यांना कुणाच्या पाकिटाचे ओझे नव्हते, एवढेच.

म्हणून सप्ताह समित्यांना हात जोडून सांगतो. या वर्षी ठराव करा, नशेच्या धंद्याची वर्गणी घेणार नाही. घरटी पायलीभर धान गोळा करा, साधा वरण-भात वाढा. काल्याला पंचपक्वान्न लागत नाही. आणि कीर्तनकारांनो, यजमान कोण, हे नारळ घेण्याआधी विचारा.

धंदा सोडून तोच मनुष्य उद्या मंडपात आला, तर त्याला पहिल्या रांगेत बसवा, टाळ हाती द्या. विठोबाचे दार माणसाला बंद नाही. त्याच्या विषाच्या पैशाला ते बंद असले पाहिजे, आणि त्या दाराशी आपणच उभे आहोत.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!